कॅथलिक होमस्कूलिंग आणि लहान मुलांचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या, किंवा तसा विचार करणाऱ्या मराठी कॅथलिक आईवडिलांकडून इतिहासाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. विचारणारे बरेचसे वसई, उत्तन, वांद्रे आणि गोव्याकडचे, काही नाशिक आणि मराठवाड्यातले. गणिताचं पुस्तक निवडताना कुणी फारसं अडत नाही. इतिहासाशी आलं की सगळे थबकतात, आणि ते बरोबरच आहे. इथली उत्तरं पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपुरती आहेत.

१. घरी शिकवताना इतिहास सक्तीचा आहे का?

ते तुमच्या राज्यावर आहे. होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम एकसारखे नाहीत. टेक्ससमध्ये पाच गोष्टी शिकवाव्या लागतात: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. त्या यादीत इतिहास नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिली ते सहावीसाठी भूगोल आणि अमेरिकेचा इतिहास आहे. वर्षाची योजना डिस्ट्रिक्टला (स्थानिक शाळांचं सरकारी कार्यालय) लिहून द्यावी लागते आणि दर तिमाहीला अहवाल. पेनसिल्व्हेनियात देशाच्या इतिहासासोबत राज्याचाही इतिहास येतो, आणि वर्षाअखेरीस पोर्टफोलिओ दाखवावा लागतो. न्यू जर्सीत शाळेच्या तोडीचं शिक्षण द्या, एवढीच अपेक्षा. हे नियम बदलत असतात, त्यामुळे राज्याच्या शिक्षण खात्याचं पान स्वतः वाचा. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

यातलं कुठलंच राज्य अमुकच पुस्तक वापरा असं सांगत नाही. धार्मिक पुस्तकही चालतं.

२. फादर म्हणतात, पॅरिशच्या शाळेत घाला. घरी शिकवणं ख्रिस्तसभेला मान्य आहे ना?

आहे. मुलांच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी आईवडिलांची, असं कॅटेकिझमच्या (ख्रिस्तसभेच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक) २२२३ व्या परिच्छेदात आहे आणि शाळा निवडण्याचा त्यांचा हक्क २२२९ मध्ये. धर्मकायद्याचं ७९३ वं कलमही तेच सांगतं. मात्र प्रथम कम्युनियनच्या तयारीबद्दल प्रत्येक धर्मप्रांताचे आपापले नियम असतात. घरी धर्मशिक्षण देत असलात तरी पॅरिशच्या वर्गाला यावं लागेल का, हे वर्ष सुरू होण्याआधीच विचारून घ्या. आणि फादरांशी भांडू नका. शाळेत मुलं कमी झाली की तिचं पुढे काय होतं हे ते रोज बघत असतात, म्हणून तसं म्हणतात.

३. मूल पाच वर्षांचं आहे. आत्ताच इतिहास सुरू करायचा का?

गोष्टी सांगायला लागा, अभ्यासक्रम विकत घेऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला 'काल' आणि 'परवा' यातही गोंधळ असतो, त्याला इसवी सन कुठून कळणार? या वयात पूर्वी लोक वेगळे राहायचे आणि तरी ते आपल्यासारखेच होते, एवढं पोचलं तरी खूप झालं. आजोबांचं लहानपण, वाडीतली विहीर, बावखल (गोड्या पाण्याचं छोटं तळं), पानवेलीचा मळा, नाताळचा फराळ करणाऱ्या बायका, हा सगळा इतिहासच आहे. सोबत कॅलेंडरप्रमाणे येणारे संतांचे सण. सहा-सातव्या वर्षी मूल स्वतःहून 'हे आधी झालं की ते?' असं विचारायला लागतं. तेव्हा भिंतीवर लांब पट्टी लावून काळरेषा सुरू करा, आणि पुस्तकही तेव्हाच घ्या.

४. संतांच्या गोष्टी तर धर्मशिक्षणातच होतात. मग कॅथलिक इतिहास म्हणजे वेगळं काय?

धर्मशिक्षणात संत हा आदर्श म्हणून येतो. इतिहासात तो कुठल्या राजाच्या काळात होता, कोणत्या जहाजानं गेला, काय खात होता, कोणाशी त्याचं पटलं नाही, हे येतं. संत एलिझाबेथ अ‍ॅन सेटन यांचंच घ्या. धर्माच्या तासाला त्या प्रार्थनाशील विधवा आणि सिस्टर. इतिहासाच्या तासाला त्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या न्यूयॉर्कमधली श्रीमंत घरची मुलगी, नवऱ्याचा धंदा बुडालेली बाई, आणि कॅथलिक झाली म्हणून नातेवाईक व ओळखीच्यांनी जिच्याकडे पाठ फिरवली अशी पाच मुलांची आई. १९७५ मध्ये त्या संत जाहीर झाल्या. दुसरी गोष्ट पहिलीला मारत नाही. उलट मूल तिच्याकडे जास्त वेळ बघतं.

एक धोका मात्र आहे. काही कॅथलिक अभ्यासक्रमांत इतिहासाचं पुस्तक म्हणजे धर्मशिक्षणाचं दुसरं पुस्तक होऊन बसतं. दर धड्याच्या शेवटी बोधपर परिच्छेद दिसला की समजायचं. तेवढा भाग मी गाळून वाचते.

५. बाजारात नेमकं काय काय मिळतं?

ढोबळमानानं चार प्रकार.

पहिला, पूर्ण शाळा पोस्टानं किंवा ऑनलाइन घरी येते असा. व्हर्जिनियातलं सेटन होम स्टडी स्कूल, कॅलिफोर्नियातल्या कोल्बी अकॅडमी आणि मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस ही यातली जुनी नावं. पुस्तकं, आठवड्याचं वेळापत्रक आणि हवं असल्यास तपासणी व प्रगतिपुस्तक मिळतं. सेटनचा बाज पारंपरिक, वर्कबुकांचा. बाकी दोघांचा क्लासिकल, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन शिक्षणाच्या वळणाचा. दोघंही नोकरी करणारे असतील किंवा नियोजनाचा कंटाळा असेल तर हा मार्ग बरा. पण सात वर्षांच्या मुलाला इतिहासात रिकाम्या जागा भरायला लावणं मला पटत नाही. घेतलंत तरी वर्कबुक निम्मंच करा, कोणी ओरडत नाही.

दुसरा, फक्त इतिहासाची गोष्टीरूप मालिका. टॅन बुक्सची 'द स्टोरी ऑफ सिव्हिलायझेशन' ही चार खंडांची मालिका सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे: प्राचीन जग, मध्ययुग, आधुनिक जगाची घडण आणि अमेरिका. नाट्यरूपात ऐकायलाही मिळते, त्यामुळे गाडीत लावता येते. सात वर्षांच्या पुढे वाचून दाखवायला चांगली.

तिसरा, शार्लट मेसन पद्धत. या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाई स्वतः अँग्लिकन होत्या, पण त्यांची पद्धत कॅथलिक घरांत छान रुजली आहे: छोटे तास, चांगल्या लेखकांची खरी पुस्तकं, आणि ऐकलेलं मुलानं आपल्या शब्दांत परत सांगणं. 'मातेर अमाबिलिस' हा याच पद्धतीचा कॅथलिक आराखडा इंटरनेटवर फुकट आहे.

चौथा, ज्यात कॅथलिक काही नाही पण पुस्तक उत्तम आहे असा. त्याबद्दल प्रश्न ९.

कॅथलिक टेक्स्टबुक प्रोजेक्टची पुस्तकं बघून बरेच जण मोहात पडतात, चित्रंही सुंदर आहेत. पण ती मुख्यतः पाचवी आणि पुढची. आत्ता घेऊन कपाटात ठेवू नका.

६. प्राचीन काळापासून क्रमानं शिकवू की आधी अमेरिकेचा इतिहास?

क्लासिकलवाले चार वर्षांचं चक्र सांगतात: इजिप्त-रोम, मग मध्ययुग, मग पुढचं, मग आधुनिक, आणि पाचव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. शार्लट मेसनवाले सांगतात, आधी आपल्या देशाच्या गोष्टी, मग जग. यावर लोक हमरीतुमरीवर येतात. पहिली-दुसरीच्या मुलाला यानं काडीचाही फरक पडत नाही.

कॅथलिक घराला मात्र प्राचीन काळापासून सुरुवात करण्यात एक सोय आहे. बायबलमधला मोशे इजिप्तमध्ये, दानियल बाबिलोनमध्ये आणि पिलात रोमचा अधिकारी, हे एकाच काळरेषेवर बसतं. मिस्सेत 'पोंती पिलात' ऐकल्यावर मूल कोपरानं ढोसून 'मम्मी, हा आपला रोमवाला!' म्हणतं. असा धागा अमेरिकेपासून सुरुवात केली तर जुळायला वेळ लागतो.

७. विकत घेण्याआधी पुस्तक तपासायचं कसं?

नमुना धडा म्हणून प्रकाशक जो दाखवतात तो बहुतेक वेळा पिरॅमिडचा किंवा शूरवीरांचा असतो. त्यात चुकायला जागाच नसते. पुस्तक हातात घेऊन, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून फोटो मागवून, तीन ठिकाणं बघा.

पहिलं, १४९२ नंतरची अमेरिका. मूळ रहिवाशांना नावं आहेत का? की फक्त 'इंडियन' नावाचा जमाव आहे, ज्याला कोणीतरी येऊन शहाणं करतो? संत केटेरी टेकाक्विथा ही मोहॉक वडील आणि अल्गोंक्विन आईची मुलगी होती, देवीच्या साथीत आईवडील आणि भाऊ गमावलेली. तिच्या लोकांबद्दल एक धड वाक्य नसेल आणि तिला नुसती 'मोहॉकांची लिली' म्हटलं असेल, तर पुढच्या पानांवरही तेच असणार.

दुसरं, १५१७ आणि मार्टिन लूथर. पैसे घेऊन दंडमुक्ती (पापाच्या शिक्षेतून सूट) वाटली जात होती आणि त्यातला पैसा रोमच्या संत पेत्राच्या बॅसिलिकाच्या बांधकामाला जात होता, हे कॅथलिक पुस्तकानं सांगितलंय का? लूथर हा केवळ हट्टी साधू आणि इंग्लंडचा आठवा हेन्री हा केवळ बायका बदलणारा राजा, एवढ्यावर गोष्ट संपत असेल तर मूल पंधराव्या वर्षी बाहेर उरलेली अर्धी गोष्ट ऐकेल आणि तुम्हालाच विचारेल, मला आधी का नाही सांगितलं?

तिसरं, आशिया. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला पोचले, एवढं वाक्य सगळ्यांकडे असतं. त्या वाक्याच्या आसपासचे भारतीय माणसांसारखे दिसतात का, ते बघा. 'अंधारात चाचपडणारे लोक' असं काही आढळलं तर पुस्तक परत करा. त्या लोकांत तुमच्या मुलाचे पणजोबा-खापरपणजोबा आहेत.

हे तीन धडे प्रामाणिक असतील तर बाकीच्या किरकोळ चुका तुम्ही वाचता वाचता सुधाराल. ते नसतील तर सुंदर चित्रं आणि जाड कागद यांचा काही उपयोग नाही.

८. पुस्तकावर इंप्रिमातूर आहे. मग तपासायची गरज काय?

इंप्रिमातूर म्हणजे बिशपांनी छापायला दिलेली परवानगी, आणि निहिल ऑब्स्तात म्हणजे श्रद्धा-नीतीच्या विरुद्ध काही आढळलं नाही हा तपासणाऱ्याचा शेरा. १२०४ मध्ये कॉन्स्टंटिनोपल कोणी लुटलं हे पुस्तकात बरोबर लिहिलंय की नाही, याची हमी त्यातून मिळत नाही. धर्मकायद्याच्या ८२७ व्या कलमाप्रमाणे शाळेत वापरायच्या चर्चच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांना मान्यता लागते. सर्वसाधारण इतिहासाच्या पुस्तकाला ती नसली तर त्यात वावगं काही नाही. जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रित आवृत्त्यांत शंभर वर्षांपूर्वीचा इंप्रिमातूर असतो आणि वंशाबद्दलचे विचारही शंभर वर्षांपूर्वीचेच.

९. प्रोटेस्टंट किंवा निधर्मी पुस्तक वापरलं तर चालेल का?

चालेल, आवृत्ती आणि लेखक बघून. सुझन वाइज बाउअर यांची 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड' ही चार खंडांची मालिका असंख्य कॅथलिक घरांत वापरली जाते. तिच्यात भारत, चीन, आफ्रिका यांना बऱ्यापैकी जागा आहे, जी कॅथलिक मालिकांत क्वचित मिळते. दुसऱ्या खंडात रिफॉर्मेशन (लूथरपासून सुरू झालेली प्रोटेस्टंट चळवळ) येतं तिथे कॅथलिक पालक थांबतात. ती प्रकरणं आधी स्वतः वाचा आणि प्रश्न ७ मधली कसोटी इथेही लावा, फक्त उलट बाजूनं: चर्चनं बायबल लपवून ठेवलं होतं, मध्ययुग म्हणजे नुसता अंधार, असं काही आहे का?

काही इव्हँजेलिकल प्रकाशकांच्या पुस्तकांत कॅथलिक म्हणजे ख्रिस्ती नव्हेतच असा सूर असतो. होमस्कूल मेळाव्यात ती स्वस्तात मिळतात. घेऊ नका.

१०. ड्रॅगन मारणारा संत जॉर्ज, नदीपार नेणारा संत ख्रिस्तोफर: हे इतिहासात सांगायचं का?

सांगा, पण 'लोक अशी गोष्ट सांगतात' असं म्हणून. सहा वर्षांच्या मुलालाही हा फरक कळतो, कारण सिंड्रेला आणि आजी या दोघींत कोण खरं ते त्याला ठाऊक असतं. १९६९ मध्ये रोमच्या सार्वत्रिक कॅलेंडरातून संत ख्रिस्तोफरचा सण काढला गेला. त्याचं संतपद काढलं, ही अफवा आहे. काळरेषेवर आम्ही ज्याचं साल पक्कं माहीत आहे तेच चिकटवतो. ड्रॅगनचं चित्र फ्रिजवर लागतं.

११. सगळ्या अभ्यासक्रमांत आयर्लंड, इटली, पोलंड. आमची वसई आणि गोवा कुठेच नाही. काय करावं?

हा भाग तुम्हालाच घालावा लागणार. कोणत्याही प्रकाशकाकडून अपेक्षा ठेवू नका. सामग्री मात्र भरपूर आहे, फक्त ती त्यांच्या प्रकरणांच्या शेजारी आणून ठेवायची.

रोमचं साम्राज्य चालू असताना संत थॉमस ५२ साली केरळच्या किनाऱ्यावर उतरले, ही तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगा (परंपरा म्हणूनच, प्रश्न १० प्रमाणे). मध्ययुगाच्या प्रकरणाबरोबर १३२१ सालचं ठाणं येतं: तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन साथी तिथे मारले गेले. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती, हे ऐकून मोठी माणसंही चकित होतात. शेक्सपियरचा इंग्लंड शिकवताना फादर थॉमस स्टीफन्स घ्या. इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ चालू असताना हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत ओव्या रचून ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यातल्या चार ओव्या वाचून दाखवा, नाद मुलांना आवडतो. गोव्याचे संत जुझे वाझ १६५१ मध्ये बाणावलीत जन्मले आणि डच राजवटीत लपतछपत श्रीलंकेतल्या कॅथलिकांची सेवा करत राहिले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं.

आणि अर्थातच संत गोन्सालो गार्सिया. हा धडा आमच्याकडे कसा होतो तेवढा सांगते. जमिनीवर जगाचा नकाशा. वसईवर एक राजमा, नागासाकीवर दुसरा. मी सांगते: वडील पोर्तुगीज, आई वसईकडची, मुलगा वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइट फादरांकडे शिकला, मग त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला. (राजमा निघाला, मलाक्का, मकाव.) तिथे जपानी इतकी छान शिकला की पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाल्यावर दुभाषी म्हणून त्यालाच परत जपानला नेलं. राज्यकर्ता हिदेयोशी आधी बरा वागला, मग बिथरला. क्योतोपासून नागासाकीपर्यंत थंडीत पायी चालवलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसावर मारलं. त्यांचे डावे कान कापून गावातून धिंड काढली होती, ते मी सात वर्षांच्या पोराला सांगत नाही. दहाव्या वर्षी सांगेन. पाव तासात गोष्ट संपते, मग मूल परत सांगतं आणि जहाज काढतं. मुलानं परत सांगताना 'त्याला जपानी येत होतं म्हणून त्याला नेलं' हे आलं, तर धडा पोचला. १८६२ मध्ये ते संत झाले, भारतात जन्मलेले पहिले. सुट्टीत गासच्या चर्चला मुलांना न्या.

१२. मुलगा विचारतो, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो?

वसईकर घरांतून हा प्रश्न हमखास येतो, कारण चुलत भाऊ चौथीत शिवाजी महाराज शिकतो, किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारक आहे, आणि शेजारीच मोडकळीस आलेली चर्च.

आठ वर्षांच्या मुलाला खरं उत्तर झेपतं. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ पासून होती. त्यांनी चर्च आणि शाळा बांधल्या, आणि देवळं पाडली, लोकांवर जुलूमही केले. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी मोठ्या लढाईनंतर किल्ला घेतला. दोन्हीकडचे पुष्कळ मेले. शरण आलेल्या पोर्तुगीजांना सन्मानानं जाऊ दिलं, आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल असं तहात ठरलं. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून गेल्या. नाशिकला गेलात तर नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा दाखवा. पोर्तुगीज गेले आणि आपले लोक शेतीवाडी करत तिथेच राहिले. 'आपण वसईच्या बाजूला होतो' हे माझं उत्तर आहे. ते कुणाला पळवाट वाटेल, पण इतिहासाला धरून आहे.

जोडीला एक गोष्ट जरूर सांगा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तिथल्या कॅपुचिन फादर अँब्रोझ यांच्या घराला धक्का लावला नाही, असं फ्रेंच प्रवासी बर्निए यानं लिहून ठेवलं आहे. 'ते आणि आपण' अशा दोन खणांत मुलाचं जग पडायला लागलं की ही गोष्ट कामाला येते.

१३. इन्क्विझिशन (श्रद्धेविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय), धर्मयुद्धं, गुलामगिरी हे कोणत्या वयात सांगावं?

तपशील नंतर, पण नाकारायचं कधीच नाही. माझी वाटणी अशी: नऊपर्यंत 'ख्रिस्ती लोकांनी इथे वाईट वागणूक दिली, आणि ते पाप होतं' एवढं सरळ वाक्य. दहानंतर नावं आणि सालं. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. कुंकळ्ळीत १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले; ते धन्य म्हणून घोषित आहेत. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करायला बोलावून असोळण्याच्या किल्ल्यात ठार केलं गेलं, हे त्याच गोष्टीचं दुसरं पान. मेरीलँडच्या जेझुइटांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम माणसं विकली, तेही.

'यानं मुलाची श्रद्धा डळमळेल' ही भीती मला पटत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्ती लोकांच्या पापांबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली, आणि पुढच्या वर्षी अथेन्समध्ये १२०४ साली धर्मयोद्ध्यांनी केलेल्या कॉन्स्टंटिनोपलच्या लुटीबद्दल खेद व्यक्त केला. पोप बोलले तेवढं बोलायला आपल्याला हरकत नसावी. मूल संवेदनशील असेल, रात्री दचकत असेल, तर वर्षभर थांबा. वय हा केवळ अंदाज आहे.

१४. नवरा हिंदू आहे. कॅथलिक इतिहास शिकवला तर घरात ताण येईल का?

पुस्तक न दाखवता आणलंत तर येईल. प्रश्न ७ मधलं तिसरं ठिकाण, म्हणजे आशियाची पानं, दोघांनी एकत्र वाचा. त्यांना जे वाक्य टोचेल ते बहुतेक तुम्हालाही टोचायला हवं. ज्ञानेश्वर, चोखामेळा, पंढरीची वारी काळरेषेवर त्यांनीच सांगितलेली बरी. आसिसीचे संत फ्रान्सिस तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरही तेराव्या शतकात, पट्टीवर दोघं हातभर अंतरावर येतात. सासूबाईंना आवड असेल तर हा तास त्यांच्याकडेच सोपवा.

१५. सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत. दोन अभ्यासक्रम घ्यावे लागतील?

नाही. इतिहास एकच, दोघांना एकत्र वाचून दाखवा. धाकटा चित्र काढेल, मोठी पाच ओळी लिहील. गणितात हे जमत नाही, इतिहासात जमतं.

१६. पैसे कमी आहेत. कमीत कमी किती लागेल?

वाचनालयाचं कार्ड, फुकट आराखडा (प्रश्न ५ मधला तिसरा प्रकार), एक जुनी वापरलेली गोष्टीरूप मालिका आणि भिंतीवरचा नकाशा. जुनी पुस्तकं होमस्कूल कुटुंबांच्या विक्रीत उन्हाळ्यात निघतात. वर्कबुक, चाचण्या, रंगवायची वही, व्हिडिओ असा संच एकदम घेऊ नका. विकणाऱ्यांच्या जाहिरातीत तो सगळा 'आवश्यक' असतो.

१७. कॅलिफोर्नियात घरी शिकणाऱ्या मुलांचीही नोंद करणाऱ्या चार्टर स्कूलमधून पैसे मिळतात. त्यातून कॅथलिक पुस्तकं घेता येतील?

नाही. ते सरकारी शाळेचे पैसे आहेत आणि तिथे धार्मिक अभ्यासक्रमाला चालत नाहीत. बरेच जण गणित-विज्ञान त्या पैशांतून घेतात आणि इतिहास-धर्म स्वतःच्या खिशातून. मात्र चार्टरच्या शिक्षिकेला दाखवायच्या कामात धार्मिक मजकूर चालत नाही, त्यामुळे इतिहासाच्या दोन वह्या होऊन बसतात. ते नको असेल तर खासगी शाळा म्हणून स्वतःचं प्रतिज्ञापत्र भरण्याचा मार्ग आहे. तिथे पैसे मिळत नाहीत आणि कोणी वहीही मागत नाही.

कॅलिफोर्नियात चौथीला स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या मिशनांचा विषय येतो; पूर्वी त्यावर प्रकल्पही ठरलेला असायचा. ती मिशनं सुरू करणारे फ्रान्सिस्कन फादर हुनिपेरो सेरा यांना २०१५ मध्ये संत जाहीर केलं आणि २०२० मध्ये त्यांचे पुतळे पाडले. दोन्ही कशामुळे, हे मुलाला सांगायची तयारी ठेवा (प्रश्न १३).

१८. मराठीतून शिकवू की इंग्रजीतून?

पुस्तक इंग्रजी, बोलणं मराठी. घरी कादोडी (वसईकडची बोली) किंवा कोंकणी असेल तर त्यात. मुलानं गोष्ट परत सांगताना ती आपल्या भाषेत सांगावी असा आग्रह धरला तर भाषेचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. सुरुवातीला 'मग त्याने शिप घेतली आणि सेल केली' असं येईल, येऊ द्या. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर तीच गोष्ट आजीला सांगायला लावा. आजीला इंग्रजी येत नसेल तर फारच उत्तम.

१९. दोन वर्षांनी भारतात परतायचा विचार आहे. हा इतिहास तिथे चालेल का?

लहान इयत्तांत अडचण येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेत न गेलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. इतिहासापेक्षा मराठी लेखनाची काळजी करा: २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. राज्य मंडळाच्या शाळेत जाणार असेल तर चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास आधीच गोष्टीरूपात सांगून ठेवा. तिथेही घरीच शिकवत राहणार असाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते.

२०. वर्षाच्या मध्येच लक्षात आलं की हे पुस्तक मुलाला अजिबात आवडत नाही. पूर्ण करायलाच हवं का?

दोन आठवडे वर्कबुक बंद करून फक्त वाचून दाखवा. तरीही मूल उठून जात असेल तर पुस्तक विका, आणि उन्हाळ्यापर्यंत वाचनालयातल्या चरित्रांवर काढा. न्यूयॉर्कसारख्या राज्यात योजना लिहून दिलेली असेल तर पुढच्या तिमाही अहवालात बदलाची एक ओळ घाला. डिस्ट्रिक्टला विषय झाला की नाही याच्याशी मतलब असतो, पुस्तक कोणतं याच्याशी नाही.